परतीची एसटी किती वाजताची?

पत्र :

बाई, नमस्कार. आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, बोरी नदीच्या काठी. मुलगी तालुक्याच्या कन्याशाळेत जाते, यंदा नववीला गेली. पाचवीपासून खो-खो खेळते. मागच्या वर्षी त्यांचा संघ तालुक्यात पहिला आला, पण जिल्ह्याला पाठवलाच नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, पोरींना घेऊन रात्री-अपरात्री कोण फिरणार, काही झालं तर जबाबदारी कोणाची? मुलगी दोन दिवस जेवली नाही. आता त्याच गावातल्या मुलामुलींच्या शाळेचे क्रीडाशिक्षक म्हणतात, दाखला काढून आमच्याकडे आणा, राज्यापर्यंत नेतो. मुलगी हट्टाला पेटलीय. तिचे पप्पा म्हणतात, मुलींची शाळा म्हणूनच तालुक्याला पाठवली, आता मुलांमध्ये नको. सासूबाईंचं एकच, "आंडेरनी जात शे, आखो कितला दिन खेळी?" (मुलीची जात, अजून किती दिवस खेळणार?) मी घरी शिवणकाम करते. मला खेळातलं काही कळत नाही. दाखला काढावा का?

– एक आई

उत्तर :

ताई, तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्या बाईंचा राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा निम्मा उतरला. 28 वर्षं मी खानदेशातल्या मुलींच्या शाळांत पी.टी. शिकवली. मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसणाऱ्यांची झोप कशानं उडते ते मला माहीत आहे, कारण त्यातल्या एका बाईंची झोप मीच उडवली होती.

तेव्हा आधी उत्तर देते, मग गोष्ट सांगते. दाखला आत्ता काढू नका. निदान ऑगस्टपर्यंत तरी नको.

आता गोष्ट. 1996 साल. विभागीय स्पर्धा धुळ्याला होती. नंदुरबार वेगळा जिल्हा व्हायला अजून दोन वर्षं होती. मी 12 मुली घेऊन गेले. शेवटचा सामना लांबला, संध्याकाळी सहाच्या पुढे गेला. हरलो, पण जेमतेम दोन गुणांनी, त्यामुळे पोरी खूश होत्या. सातची गाडी पकडली आणि फागण्याच्या पुढे ती बंद पडली. कंडक्टर एका ट्रकला हात करून दुसरी गाडी आणायला पारोळ्याकडे गेला. दोन्ही बाजूंना कपाशी, मिट्ट काळोख, आणि माझ्या पोरी रस्त्याच्या कडेला बसून भुलाबाईची गाणी म्हणताहेत! त्यांना मजाच वाटत होती. माझ्या पोटात गोळा आलेला. मोबाइल नावाची वस्तू नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. स्टँडवर पंचवीस-तीस माणसं. कुणी ओरडलं, कुणी रडलं. एक बाप मात्र काहीच बोलला नाही. मुलीच्या हातातली पिशवी घेतली, सायकलला अडकवली, तिला मागे बसवलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलीचा धाकटा भाऊ आला. हातात 7 नंबरचा टी-शर्ट. धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडी घातलेला. "आबांनी द्यायला सांगितलाय," म्हणाला आणि पळाला. ती पोर खांबाजवळ असताना तिला कुणी शिवून दाखवावं अशी माझी पैज असायची. ती परत मैदानावर आली नाही. शाळेनं पुढची दोन वर्षं संघ तालुक्याबाहेर काढला नाही.

त्या माणसाचा मी कितीतरी वर्षं राग धरला. जुन्या वळणाचा, पोरींना दाबणारा, असं काहीबाही मनात म्हटलं. पण तो स्वतः यात्रेतल्या कुस्त्यांना दहा कोस चालत जाणारा गडी होता. खेळाचं त्याला वावडं नव्हतं. त्या रात्री साडेसातपासून तो स्टँडवर उभा होता, आणि आपली पोर कुठे आहे हे सांगणारं त्याला कुणीच भेटलं नव्हतं. मी मुलींच्या घरी निरोप काय धाडला होता? "धुळ्याला जाऊन येतो." किती वाजता येणार, कोणत्या गाडीनं, उशीर झाला तर कुणाला विचारायचं, यातलं काही नाही. गावातल्या किराणा दुकानात फोन होता. त्याचा नंबर वहीत लिहून घ्यायला मला दोन मिनिटं लागली असती.

तर ताई, तुमच्या मोठ्या बाईंचं म्हणणं परत एकदा वाचा. पोरींनी खेळू नये असं त्या कुठं म्हणाल्या? तालुक्याला त्यांनीच तर पाठवलं, कारण तालुक्याचं मैदान गावातच असतं आणि मुली चारला घरी पोचतात. अडलंय ते परतीच्या वाटेवर. ही गाठ तुमच्यासारखी आई सोडवू शकते, दाखल्यानं ती सुटणार नाही. दुसऱ्या शाळेतूनही जळगावला जायचं झालं तर एसटी तीच आणि रात्रही तीच.

एकटीनं जाऊ नका, संघातल्या आणखी दोन-तीन मुलींच्या आया गोळा करा. गाऱ्हाणं घेऊन गेलात तर बाई दार लावतील, म्हणून कागद घेऊन जा. कागदावर लिहायचं ते असं : मुलींसोबत येणाऱ्या दोन आयांची नावं आणि फोन नंबर, सकाळची गाडी, परतीची गाडी, ती चुकली तर त्याच्या पुढची गाडी, आणि तीही चुकली तर जळगावात कुणाच्या घरी थांबायचं. खाली सगळ्या पालकांच्या सह्या. शाळेतली एक शिक्षिका सोबत लागेलच. ती पी.टी.चीच पाहिजे असं काही नाही, चित्रकलेच्या बाईही चालतात. माझ्यासोबत एकदा संस्कृतच्या बाई आल्या होत्या. पंचांच्या प्रत्येक निर्णयावर आमच्यापेक्षा जास्त त्याच उठून उभ्या राहायच्या.

भाड्याचं म्हणाल, तर मुलीचा फुकटचा पास गाव ते शाळा एवढ्यापुरता असतो, स्पर्धेच्या गावाला तो चालत नाही. पण 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. बारा मुली, दोन आया, एक बाई, सगळ्यांना अर्धं. हा हिशेबही त्याच कागदावर मांडा. मोठ्या बाईंना संस्थेत कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं, त्यांच्या हातात काहीतरी द्या.

आणि हे जुलैतच उरका. शालेय स्पर्धांची प्रवेशिका शाळेनं भरायची असते, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे, आणि तिची मुदत असते. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट असतात. तुमची मुलगी बहुधा 17 मध्ये येईल, पण जन्मतारखेची अट त्या वर्षीच्या परिपत्रकात बघून घ्या. ओळखपत्रावर फोटो, शिक्का, मोठ्या बाईंची सही. एका सहीसाठी सामना बाद झालेला मी पाहिलाय. एवढा कागद जमवायला श्रावणातल्या कानबाईच्या रोटांची वाट बघत बसलात तर उशीर होईल.

आता त्या दुसऱ्या शाळेच्या सरांचं. माणूस चांगला असेल, मला शंका नाही. पण "राज्यापर्यंत नेतो" हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं हसू येतं. तालुका, जिल्हा, नाशिक विभाग, मग राज्य. सामने बाद पद्धतीनं होतात, एक हरलं की त्या वर्षाचं दुकान बंद. कुणी कुणाला नेत नसतं.

तरी तुम्ही एक करा. एखाद्या दिवशी साडेचारला त्या शाळेच्या मैदानाबाहेर जाऊन उभ्या राहा, कुणाला न सांगता. मैदानाच्या मधोमध कोण खेळतंय ते बघा. मी पाहिलेल्या बहुतेक मुलामुलींच्या शाळांत मध्ये मुलांचं क्रिकेट चालतं आणि मुलींचा खो-खो पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात असतो. चेंडू आला की खेळ थांबवून बाजूला व्हायचं. तुमच्या मुलीला कन्याशाळेत मैदान मागावं लागलेलं नाही. ते लहान असेल, काळ्या मातीचं असेल, पावसात चपलेला किलोभर चिखल लागत असेल, पण आहे ते सगळं तिचं. खांब तिचे, आखणीचा चुना तिचा. सूर मारताना टी-शर्ट वर गेला म्हणून हसणारं कुणी नाही. हे किती मोठं आहे ते तिला आज कळणार नाही, मलाही त्या वयात कळलं नव्हतं.

मात्र तुम्हाला तिथं मधोमध पंधरा-वीस मुली खेळताना दिसल्या, सोबत एक बाई दिसल्या, कपडे बदलायला कडी लागणारी खोली दिसली, तर माझं मत मी बदलते. मग यजमानांना घेऊन जा आणि त्यांनाही दाखवा. अशा शाळा आहेत. तिथंही एक गोष्ट आधी बोलून घ्या : स्पर्धेला जाताना सोबत बाई असणार का, आणि मुलींना निरोप द्यायचे ते पालकांच्या ग्रुपवर देणार ना. एकट्या मुलीला फोन नाही, एकटीला गाडीवर सोडणं नाही. चांगल्या सरांना याचा राग येत नाही, उलट त्यांच्या डोक्यावरचा भार हलका होतो.

पण माझ्या मनात दुसरंच आहे, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची फार गरज नाही. बाद पद्धतीत मुलींना वर्षाला सामने किती मिळतात? दोन, तीन. तेवढ्यासाठी वर्षभर घाम गाळायचा. खेळ सुधारतो सामने खेळून, आणि सामने आपले आपण लावता येतात. शनिवारी सकाळची शाळा असते, अकराला सुटते. जवळच्या तालुक्यांत मुलींच्या तीन-चार शाळा सापडतात. एका शनिवारी त्या इकडे, पुढच्या शनिवारी आपण तिकडे. साडेबाराला सामना, दोनला संपला, तीनच्या गाडीत मुली बसल्या, उजेडी घरी. खो-खोच्या आपल्या या सामन्यात एक पाळी 7 मिनिटांची धरा, चार पाळ्या, मधली विश्रांती. पाऊण तासाच्या वर जात नाही. तोच वेळ हुतुतूलाही पुरतो, मुलींचे 15-15 मिनिटांचे दोन डाव. ट्रॉफी नको, पाहुणे नकोत, नारळ नको. पंच म्हणून शाळेच्या जुन्या मुली बोलवा, त्या धावत येतात.

आमच्या वेळी आम्ही तीन शाळांनी हे चार वर्षं चालवलं. आलेल्या संघाला खाऊ म्हणून पाहुणचार करणारी शाळा केळी द्यायची. रावेर-यावल आपल्याच जिल्ह्यात, केळीला काय तोटा! एका वर्षी एका पालकानं अख्खा घडच आणून मैदानाच्या लिंबाला टांगला. मध्यंतराला दोन्ही संघ त्याच्याभोवती. कोण कुठल्या शाळेची ते टी-शर्टच्या रंगावरूनच काय ते कळायचं. एरवी या मुली एकमेकींना भेटणार कुठं? पुढं त्यांतल्या दोघी जावा-जावा झाल्या, ते जाऊ द्या.

हा प्रस्ताव मोठ्या बाईंना आवडण्याची शक्यता जास्त आहे, कारण यात रात्र नाही. चार शनिवार सुखरूप गेले की जिल्ह्याचा विषय काढा. तेव्हा त्यांना नाही म्हणणं जड जाईल.

आणि तरीही त्या नाहीच म्हणाल्या तर? सांघिक खेळाला शाळेचा संघ लागतो, तिथं इलाज नाही. पण धावणं, लांब उडी यांत मुलगी एकटी उतरू शकते, फक्त शाळेकडून प्रवेशिका हवी. खो-खोच्या मुलीचे पाय 100 आणि 200 मीटरला उपयोगी पडतात. शिवाय शाळेबाहेर जिल्हा संघटनेच्या निवड चाचण्या होतात, त्यांत शाळेचा संबंध येत नाही. हे दोन्ही रस्ते उघडे ठेवा. म्हणूनच म्हटलं, दाखल्याची घाई नको.

आता थोडं तिच्या अंगाचं, कारण हे तुम्हाला सर सांगणार नाहीत. पाळीच्या दिवसांत खेळलं तर काही बिघडत नाही. दुखत असेल तर त्या दिवशी बसावं, नसेल दुखत तर खेळावं, ते तिनं ठरवायचं. पिशवीत जास्तीचे पॅड आणि गडद रंगाची एक पॅन्ट कायम असू द्या. तीन महिने पाळीच आली नाही, तर सराव फार होतोय म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा खाणं कमी पडत असतं. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ना? पोरी ती खिडकीतून फेकतात, मी वेचलेल्या आहेत. ती जेवणानंतर घ्यायला लावा आणि एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघून घ्या. सरावाच्या आधी पोटभर शेवभाजी नको. दुपारी कळण्याची भाकरी, डाळ, आणि मैदानावर जाताना मूठभर शेंगदाणे-गूळ. उपाशी तर मुळीच नको. पोरी सकाळी सहाच्या एसटीला चहा-बिस्किटावर येतात आणि मग मैदानावर चक्कर येते.

गुडघे सांभाळायचे. या वयात मुलींच्या गुडघ्याच्या आतला अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि खांबाला वळसा घेताना, एकदम दिशा बदलताना तो धोका असतो. सरावाआधी पंधरा मिनिटं अंग गरम करणं, उठाबशा, उडी मारून दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरणं, हे रोजचं हवं. गुडघा सुजला तर हळद लावून दुसऱ्या दिवशी खेळवू नका.

तुम्ही शिवणकाम करता हे वाचून मला फार आनंद झाला. बाजारातल्या खेळाच्या पॅन्टी मुलांच्या मापाच्या असतात, कमरेला सैल आणि मांडीला घट्ट. मुली सामनाभर एका हातानं पॅन्ट सावरतात. अर्ध्या पॅन्टीवरून घरात कटकट होत असेल तर गुडघ्याखाली येणारी, नाडीची आणि आतून खिसा असलेली पॅन्ट शिवा. कापड ताणलं जाणारं घ्या. ढोपराला आतून दुहेरी कापड लावलंत तर सूर मारताना कातडं जाणार नाही. एक शिवा, बाकीच्या अकरा जणी तुमच्या दारात येतील. शिलाई घ्या बरं का, फुकट शिवू नका.

क्रीडा गुणांचं आणि नोकरीचंही तुमच्या कानावर आलं असेल. दहावी-बारावीला खेळाच्या कामगिरीवर सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. खरं आहे. पण कोणत्या पातळीवर खेळलं, प्रमाणपत्राची पडताळणी झाली का, यावर सगळं ठरतं. तालुक्याच्या एका प्रमाणपत्रावर नोकरी लागत नाही. तिचे पप्पा मानावेत म्हणून हे सांगायचं असेल तर सांगा, पण प्रत्येक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फाइलीत ठेवायला आजपासून सुरुवात करा. पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा घरातलं कुणीतरी "यंदा खेळ बंद" म्हणेलच. रोजचा एक तास तेव्हाही काढता येतो. मोबाइलचा काढा.

सासूबाईंना मात्र उत्तर द्यायला जाऊ नका. त्यांच्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? त्यांना सामन्याला घेऊन जा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78–40 असं हरवलं, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मी तो सामना टीव्हीवर माझ्या 80 वर्षांच्या सासूबाईंबरोबर पाहिला. खेळ त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळला, आणि मग तासभर त्या नेपाळच्या पोरींना "पकड माय, पकड तिले" म्हणून आपल्याच विरुद्ध चेतवत होत्या. कोण कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही त्यांना.

एक राहिलं. तुमचं पत्र तीन पानी आहे. त्यात मोठ्या बाई काय म्हणाल्या ते आहे, सर काय म्हणाले, पप्पा काय म्हणाले, सासूबाई काय म्हणाल्या, सगळं आहे. मुलगी मैदानावर काय करते ते कुठंच नाही. पाठलाग करणारी आहे की पळणारी? खांबाजवळ खेळते की मधल्या चौकोनांत? शिवायला कुणी जवळ आलं की डावीकडे हुलकावणी देते की उजवीकडे? पाचवीपासून खेळतेय म्हणता, म्हणजे चार वर्षं झाली. मला वाटतं तुम्ही तिला अजून एकदाही खेळताना पाहिलेलं नाही.

येत्या शनिवारी मशीन अकरालाच बंद करा आणि शाळेत जा. काय दिसलं ते मला लिहा, दाखल्याचं आपण त्यानंतर बघू.